जुन्या पिकअपच्या बोनेटखालचं रबरी जाळं

१९८०च्या दशकातल्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या एखाद्या कार्बोरेटरवाल्या पिकअप ट्रकचं बोनेट उघडा. इंजिन आधी दिसतच नाही. दिसतात त्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काळ्या रबरी नळ्या. एअर क्लीनरच्या खालून निघतात, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, म्हणजे फायरवॉलच्या, बाजूने वळतात, एका रंगीत प्लास्टिकच्या चकतीतून जातात आणि कुठल्यातरी पत्र्याच्या डबीत शिरतात. हे पाहून पुष्कळांच्या मनात एकच येतं: यातलं निम्मं काढून टाकलं तर गाडी सुटसुटीत होईल. मग नळी ओढायची, ती जिच्यावर बसते त्या छोट्या नळकांडीवर, म्हणजे निपलवर, रबरी टोपी चढवायची की झालं. हा लेख मी लिहितोय तो या टोप्यांसाठी. त्या जाळ्यातली प्रत्येक नळी कुणाला तरी काहीतरी सांगत असते. ती काय सांगते हे कळलं, तर दुरुस्ती घरी एका शनिवार-रविवारात होण्यासारखी आहे.

आधी व्हॅक्यूम म्हणजे काय ते पाहू. इंजेक्शनच्या सिरिंजच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या मागे ओढला की बोट आत ओढलं जातं. इंजिनात पिस्टन खाली जाताना हेच करतो, आणि बोटाचं काम करते थ्रॉटलची पाकळी. पाकळी जवळपास बंद असली की पिस्टन हवा मागतो आणि ती मिळत नाही. त्यामुळे पाकळीच्या खाली, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी होतो. हा फरक पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब २९.९२ इंच असतो. धडधाकट इंजिन गरम होऊन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता, चालत असताना व्हॅक्यूम गेजवर साधारण १७ ते २१ इंच दिसतात आणि काटा स्थिर राहतो. उंचावर राहत असाल तर दर हजार फुटांमागे अंदाजे एक इंच वजा धरा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पाकळी उघडते, अडवणूक संपते आणि गेज शून्याजवळ येतो.

म्हणजे इंजिनावर किती भार आहे हे हा एक आकडा सांगतो. आयडलला तो मोठा असतो, चढावर लहान होतो, आणि उतारावर पाय काढला की सगळ्यात मोठा. ज्या काळात गाडीत कॉम्प्युटर नव्हता, त्या काळात इंजिनिअरांनी हा आकडा नळीतून फिरवला. नळीच्या टोकाला डायफ्राम, म्हणजे स्प्रिंग लावलेला रबरी पडदा. व्हॅक्यूम आला की पडदा ओढला जातो आणि एक दांडी सरकते. निरोप पोचवणारी नळीच आणि काम करणारी ताकदही तीच.

इथे एक फरक समजला नाही तर पुढे सगळं चुकतं. काही नळ्या मॅनिफोल्डमधून, पाकळीच्या खालून निघतात. त्यांना आयडललाही भरपूर व्हॅक्यूम मिळतो. काही नळ्या कार्बोरेटरवरच्या अशा छिद्रातून निघतात, जे पाकळी बंद असताना तिच्या वरच्या बाजूला राहतं. आयडलला तिथे काहीच नसतं. पाय थोडा दाबला, पाकळीची कड त्या छिद्राच्या वर सरकली, की व्हॅक्यूम सुरू होतो. याला पोर्टेड व्हॅक्यूम म्हणतात. दोन्ही निपल शेजारी-शेजारी, दिसायला सारखी आणि एकाच मापाची असतात. नळ्यांची अदलाबदल झाली तर धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आयडलला उघडतो आणि गाडी सिग्नलला थांबली की बंद पडते. कार्बोरेटर खोलून, साफ करून परत बसवल्यावर दोष तसाच राहिला असेल तर आधी इथे बघा.

एवढं जाळं आलं कुठून? लॉस एंजेलिसच्या धुरक्यातून. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे रसायनशास्त्रज्ञ आरी हाखेन-स्मिट यांनी दाखवून दिलं, की गाड्यांतून आणि रिफायनऱ्यांतून निघणारी हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन आणि डोळे चुरचुरवणारं धुरकं तयार होतं. १९६१च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह आला, इंजिनाच्या पोटातले वायू परत जाळायला पाठवणारा. १९७०मध्ये अमेरिकेचा क्लीन एअर कायदा कडक झाला. १९७५च्या मॉडेलांपासून बहुतेक गाड्यांखाली धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दिसू लागला.

इंजिनिअरांची अडचण खरोखर अवघड होती. मिश्रणात पेट्रोल कमी केलं की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल घटतं. पण ज्वलन गरम झालं की नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. एक दाबलं की दुसरं वर येतं. कार्बोरेटर तर साधं यांत्रिक उपकरण, त्याला दर क्षणी नवा विचार करता येत नाही. म्हणून प्रत्येक परिस्थितीसाठी वेगळा छोटा व्हॉल्व्ह आणि त्याची वेगळी नळी आली. थंड इंजिनाला एक, गरम इंजिनाला एक, अचानक पाय काढल्यावर एक.

आता गळतीकडे येऊ, कारण बहुतेक जुन्या ट्रकांचं दुखणं तेच असतं. कार्बोरेटर आपल्या घशातून जाणारी हवा मोजतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. फाटक्या नळीतून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. हिशेब चुकतो, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यामुळे छोटं भोकसुद्धा त्यातला मोठा वाटा बनतं. हायवेवर तेवढीच चोरटी हवा एकूण हवेच्या तुलनेत नगण्य ठरते. म्हणून तक्रार नेहमी अशी येते: 'पळताना छान पळते, पण थांबली की थरथरते.' आयडल कधी चढलेलं असतं, कधी डळमळत असतं, पाय दाबताना गाडी क्षणभर अडखळते, कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो.

यात एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. मिश्रण पातळ झालं तर धूर स्वच्छ व्हायला हवा, नाही का? एका मर्यादेपर्यंत होतोही. पण त्यापुढे मिश्रण पेटतच नाही. न पेटलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरकडे जातं आणि तपासणीत हायड्रोकार्बनचा आकडा उसळतो. ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापतो. स्वस्तातल्या नळीच्या एका चिरेमुळे गाडीतला महागडा भाग खराब होतो तो असा.

नळी खराब होते ती बहुतेक वेळा टोकाला. निपलवर चढलेला शेवटचा सेंटीमीटर कायम ताणलेला असतो. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत तो कडक होत जातो. बाहेरून नळी काळी, चकचकीत, ठीकठाक दिसते. टोक हातात घेऊन अंगठ्याने हलकं वाकवा. आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा बारीक भेगा उघडतात, आणि हात सोडला की परत मिटतात. उभं राहून नुसतं बघणाऱ्याला त्या कधीच दिसणार नाहीत. नळीला लांबी असेल तर ते टोक कापून पुढचा मऊ भाग निपलवर चढवता येतो. पण एक टोक गेलं असेल तर बाकीचीही त्याच वयाची आहेत, तेव्हा ही सोय नवी नळी येईपर्यंतचीच. पीसीव्हीच्या जाड नळीचं वेगळं. ती ऑइलच्या वाफेने कडक न होता भिजल्यासारखी लिबलिबीत होते. इंजिन सुरू असताना ती आतल्या आत चिकटून बसते आणि वाट बंद होते. तिला दोन बोटांत दाबून बघा. स्पंजासारखी दबली तर बदला.

बदलताना एका वेळी एकच नळी हाताळायची. हा नियम मी फार मानतो. आधी चहूबाजूंनी फोटो काढा. बोनेटच्या आत किंवा रेडिएटरच्या वर एमिशनचा, म्हणजे धूर-नियंत्रणाच्या यंत्रणेचा, स्टिकर असतो, त्यावर नळ्यांची आकृती छापलेली असते. ती स्वच्छ पुसून तिचाही फोटो घ्या. स्टिकर उडाला असेल तर त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनाच्या, आणि कॅलिफोर्नियासाठीची गाडी की बाकी राज्यांसाठीची याची खात्री केलेल्या सर्व्हिस मॅन्युअलमधून आकृती मिळवा. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांची मांडणी वेगळी असू शकते.

जुनी नळी ओढू नका. ओढताना नळी येते, सोबत निपलही येतं. शीतकाच्या पाण्यात बसवलेल्या, तापमान बघून व्हॅक्यूम चालू-बंद करणाऱ्या थर्मल व्हॅक्यूम स्विचची प्लास्टिक निपलं खडूसारखी झालेली असतात, आणि अनेक गाड्यांसाठी तो भाग आता नवा मिळत नाही. मी असं एक निपल मोडून बसलो आहे. सगळे भाग शाबूत, आणि इंजिन केवळ त्या एका तुकड्यासाठी तीन आठवडे अडून राहिलं. तेव्हापासून नळीवर ब्लेडने लांबीच्या दिशेने हलकी चीर देतो. निपलवर ओरखडा न उठेल एवढीच खोल. मग नळी केळीच्या सालीसारखी उलगडते आणि सुटते.

नवी नळी निवडताना आतला व्यास निपलला घट्ट बसणारा हवा. एकाच इंजिनावर तीन-चार मापं असतात, तेव्हा प्रत्येक निपल मोजून घ्या. पण मापापेक्षा जास्त चुका होतात त्या रबराच्या जातीत. साधी व्हॅक्यूम नळी डायफ्रामच्या निरोपांसाठी ठीक. जिथे पेट्रोलची वाफ जाते, म्हणजे चारकोल कॅनिस्टरच्या नळ्या, तिथे पेट्रोलसाठी बनवलेलीच नळी हवी. पीसीव्हीला ऑइल सोसणारी हवी. हीटरची नळी मापात बसते म्हणून तिथे लावली तर काही महिन्यांत फुगून मऊ पडते. रंगीत सिलिकॉनच्या नळ्या उष्णतेला उत्तम टिकतात, पण पेट्रोल आणि ऑइलपासून त्यांना लांब ठेवा. पातळ भिंतीची सिलिकॉन नळी वळणावर चपटी होते, हेही लक्षात असू द्या.

वाटेत रंगीत प्लास्टिकच्या चकत्या भेटतील. त्या डिले व्हॉल्व्ह. आत सच्छिद्र धातूची छोटी टिकली असते, तिच्यातून हवा एका दिशेने झिरपत जाते आणि दुसऱ्या दिशेने मोकळी वाहते. म्हणजे निरोप काही सेकंद उशिरा पोचतो, मुद्दामच. चकतीच्या दोन बाजूंचे रंग वेगळे असतात किंवा बाण असतो. उलटी बसवली तर काहीही तुटत नाही, आवाज होत नाही, फक्त गाडी चुकीच्या क्षणी अडखळत राहते आणि माणूस महिनोन्महिने कार्बोरेटरला दोष देतो. दोन्ही बाजूंनी तोंडाने फुंकून बघा: एकीकडून सहज जायला हवी, दुसरीकडून कष्टाने. दोन्हीकडून बंद असेल तर टिकली चोंदली आहे. मात्र पेट्रोलच्या वाफेशी संबंधित कुठल्याही भागाला तोंड लावू नका.

आता ईजीआर, कारण सर्वांत जास्त टोप्या याच नळीवर बसतात. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग, साधारण ५ ते १५ टक्के, हा व्हॉल्व्ह परत सिलिंडरमध्ये सोडतो. हा धूर आधीच जळलेला असल्याने पुन्हा जळत नाही, फक्त जागा अडवतो आणि उष्णता शोषतो. नायट्रोजनची ऑक्साइडं साधारण १,४०० अंश सेल्सिअसच्या वर भराभर तयार होतात. ईजीआर ज्वलनाला त्याखाली ठेवायचा प्रयत्न करतो. पुष्कळ इंजिनांचं इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, ईजीआर चालू आहे असं धरूनच ठरवलेलं असतं. त्याला टोपी घातली की भारावर, चढावर, इंजिन नॉकिंग करू लागतं. तो खडखडाट म्हणजे पिस्टनवर बसणारे घाव असतात.

तपासणी सोपी आहे. हातपंपासारखा एक व्हॅक्यूम पंप मिळतो, गेज लावलेला. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, व्हॉल्व्हची नळी काढून तिथे पंप जोडा आणि ५ ते १० इंच ओढा. इंजिन डगमगलं किंवा बंद पडलं तर व्हॉल्व्ह उघडतोय आणि वाटही मोकळी आहे. काहीच झालं नाही, पण दांडी हलताना दिसते, तर मॅनिफोल्डमधली वाट काजळीने बुजली आहे. दांडीच हलत नसेल आणि गेजचा काटा खाली येत असेल तर पडदा फाटला आहे. पण इथे घाई नको. काही व्हॉल्व्ह सायलेन्सरमधल्या उलट दाबावर चालतात. इंजिन बंद असताना किंवा आयडलला ते व्हॅक्यूम मुद्दाम सोडून देतात, आणि ते चांगले असूनही फाटलेले वाटतात. त्यांची परीक्षा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनेच करायची. काजळी खरवडताना व्हॉल्व्ह क्लीनरमध्ये बुडवू नका. धातूची बाजू खरवडायची, पडद्याला द्रव लागू द्यायचा नाही.

बाकीचे भाग तुलनेने सरळ आहेत. पीसीव्ही व्हॉल्व्ह पिस्टनच्या कडेने खाली निसटलेले वायू परत इंजिनात जाळायला पाठवतो. काढून हलवला तर खुळखुळला पाहिजे. तो बंद केला तर इंजिनाच्या पोटात दाब वाढतो, ऑइल सील झिरपू लागतात आणि ऑइलचा गाळ होतो. चारकोल कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा: टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवतो आणि गाडी चालताना ती इंजिनाला पाजतो. टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय असेल तर त्यात द्रव पेट्रोल शिरून कोळसा निकामी होतो, आणि मग मिश्रण विनाकारण घट्ट होतं. एअर क्लीनरच्या नाकातली झडप थंडीत एक्झॉस्टभोवतीची गरम हवा घेते. तिची नळी तुटली तर दमट थंडीत कार्बोरेटरच्या घशात चक्क बर्फ धरतो. एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलणाऱ्या एअर पंपाच्या वाटेवर डायव्हर्टर व्हॉल्व्ह असतो. अचानक पाय काढला की तो हवा बाहेर वळवतो. त्याची नळी गेली की सायलेन्सरमधून स्फोटासारखे आवाज येतात.

गळती शोधताना आधी कान वापरा. हातभर लांबीचा नळीचा तुकडा कानाशी धरा आणि दुसरं टोक नळ्यांवरून फिरवा. फिस्स असा आवाज ऐकू येतोच. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, बाह्या आणि तो तुकडाही लांब ठेवा, आणि इंजिन मोकळ्या हवेतच चालवा. मग एक-एक नळी मऊ पकडीने चिमटून बघा. एखादी चिमटल्यावर आयडल बदललं आणि बदलायला नको होतं, तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या भागात आहे. गेजवर काटा स्थिर पण खाली, १२-१४ इंचांवर, असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग, दोन्ही शक्य. कार्बोरेटर क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास चालते. तापलेल्या एक्झॉस्टवर आणि जुन्या स्पार्कच्या वायरींवर तो द्रव पेट घेतो. मी ती वापरत नाही. स्मोक मशीनने इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये धूर भरला की भेग स्वतः वर येऊन दिसते. नळ्या सगळ्या निर्दोष निघाल्या तर कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट आणि थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्याकडे वळा.

व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरच्या जाड नळीला सगळ्यांत आधी हात लावा, कारण ती गेली तर ब्रेकचं पेडल लाकडासारखं कडक होतं. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पाय किंचित खाली गेला तर बूस्टर काम करतोय.

कायद्याबद्दल दोन शब्द. अमेरिकेच्या क्लीन एअर कायद्यानुसार एमिशनची यंत्रणा काढणं किंवा निकामी करणं बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलांना स्मॉग चेकमधून, म्हणजे सरकारी धूर-तपासणीतून, सूट आहे. १९७६पासूनच्या पेट्रोल गाड्यांच्या तपासणीत नळ्या आणि भाग जागेवर आहेत का हेही डोळ्यांनी बघतात. पर्यायी भाग घेताना त्यावर तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा परवाना क्रमांक आहे का ते पाहून घ्या. टोपी घातलेलं निपल तपासनिसाला लांबूनच दिसतं.

सगळ्या नळ्या बसल्या की गाडी कदाचित आधीपेक्षा वाईट चालेल. घाबरू नका. गळती असताना कुणीतरी आयडलचा आणि मिश्रणाचा स्क्रू फिरवून दोष झाकलेला असतो. गळती गेली, ते झाकण तेवढं उरलं. माझ्या ट्रकमध्ये मिश्रणाचा स्क्रू आधीच्या हाताने जवळजवळ निघेपर्यंत बाहेर काढून ठेवला होता. म्हणून क्रम असा: इंजिन पूर्ण गरम, आधी टायमिंग, मग आयडल, मग मिश्रण, आणि पुन्हा एकदा आयडल. टायमिंग बघताना डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कोणती नळी काढून बंद करायची हे स्टिकरवर लिहिलेलं असतं, तेच करा आणि झाल्यावर ती परत जोडा. शेवटी गेज लावून व्हॅक्यूमचा आकडा बघा आणि तारखेसह एअर क्लीनरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी झाकण उघडाल तेव्हा तुलनेला तो आकडा समोर असेल.